शेजारी कुठे मत देतात!

प्रिय आई,

आयोवात बर्फ पडलाय, पण तू दिलेला कोट उबदार आहे आणि मी वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

इथे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडताना गुपचूप मत टाकत नाहीत. शाळेच्या हॉलमध्ये आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत उभं राहायचं. उमेदवारीसाठी उभ्या असलेल्या आपल्या बाईंसाठी मी दारोदार फिरतेय.

काल इंग्रिडआजी म्हणाल्या, "बाई हुशार आहे गं. पण काळी, त्यातून बाई! शेजारचा आर्ने कसला मत देतोय? मग मी तरी उगाच कशाला?"

शेजारी आर्नेकाका म्हणाले, "माझी कुठे ना आहे? पण ती इंग्रिड नाक मुरडेल. मत वाया जायचं."

मला हसू आवरेना. सोमवारी दोघांना एकाच गाडीतून हॉलवर नेणार आहे.

मग तुझा परवाचा फोन आठवला आणि हसू थांबलं. "पोरी, बाई आपल्यातली आहे, पण गोरे तिला निवडून देणार नाहीत. मी आपली तिच्याविरुद्ध उभ्या असलेल्या त्या गोऱ्या म्हाताऱ्यालाच मत देईन."

आई, इंग्रिडआजी आणि आर्नेकाका दोघंही गोरेच आहेत. आता तू कुणाकडे बोट दाखवशील?

गुडघ्याला शेक घेत जा.

तुझीच,
डेल्फीन