डावीकडेच वळणारं पाणमांजर

प्रिय छकुले,

पन्नाशी उलटली तरी तुला हेच म्हणते, रागावू नकोस. आमची सात मिनिटांची ॲनिमेशन फिल्म झाली. शुक्रवारी श्रेयनामावली पक्की होईल. तीत तुझं नाव घालायचं आहे आणि त्यासाठी तुझा होकार हवा आहे.

गोष्ट साधी आहे. उन्हाळे वाढत जातात, नदी आटते आणि शेवटचं पाणमांजर आपल्या जातीचं कुणी उरलंय का ते शोधत फिरतं. पण खरं पाणमांजर आता बघायचं कुठे? शाळेमागच्या आपल्या नदीत वीस वर्षांत कुणाला दिसलेलं नाही. म्हणून आमच्या स्टुडिओतली पोरं तीन दिवस प्राणिसंग्रहालयात बसून आली आणि तीन महिने चित्रं काढत राहिली. मी पाहिलं तर त्यांचं पाणमांजर सदा डावीकडेच वळत होतं. सिमेंटच्या गोल हौदात बिचारं दुसरं काय करणार! मी म्हटलं, अरे, हे पाणमांजर नव्हे, घाण्याचा बैल आहे. दिग्दर्शक माझ्या मुलाहून लहान. म्हणाला, मावशी, नुसती नावं ठेवू नका, खरं कसं चालतं ते दाखवा.

मी तुझी वही दाखवली. नववीतली, निळ्या पुठ्ठ्याची. दोन्ही पंजांत मासा धरून खाणारं, पिल्लाची मान तोंडात धरून पोहणारं, ओल्या अंगाने वाळूत लोळणारं. पोरांनी आधीची चित्रं बाजूला सारली. सगळी फिल्म पुन्हा काढली. पहिल्या चाचणी खेळाला लोक रडले. मी आपली बसून होते. दात काढल्यावर गाल बधिर असतो ना, तशी. अजून तशीच आहे.

इथे तू वाचता वाचता थांबली असशील. ती वही नदीत पडली नव्हती, छकुले. सिस्टर तुझी वही उंच धरून सगळ्या शाळेसमोर म्हणाल्या, थोरलीने धाकटीकडून शिकावं, आणि त्या संध्याकाळी मी वही माझ्या गादीखाली सरकवली. तुला सांगितलं, पुलावर हातातून निसटली. तू दोन दिवस काठाकाठाने शोधत होतीस आणि मी तुझ्यासोबत वाकून वाकून बघत होते. त्यानंतर तू पेन्सिल धरली नाहीस. चित्रकार मी झाले. वही सोबत पाठवते आहे. नाव घालायचं असेल तर माहेरचं की सासरचं, तेवढं कळव. शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर मी माझंही नाव काढायला सांगणार आहे.

तुझीच, अजून म्हणशील तर,
ताई