यमाची रांग

ती. ताईस, तुझ्या तापट भावाचा नमस्कार.

मंगळवारी आमच्या चित्रशाळेच्या मास्तरांच्या मुलीनं माझ्याकडं पाठ फिरवली आणि सगळंच बदललं. जिच्यापायी कॉलेज सोडून इथं आलो, तीच ती.

जेवतो वेळेवर, आईला तेवढंच सांग. तिचे गुडघे कसे आहेत? खोलीवर बोलायला कुणी नाही, म्हणून तुला लिहितो.

आम्ही गेलेल्या माणसांच्या तसबिरी रंगवतो. शेटजींच्या गालांना गुलाबी, हमालाला नुसता काळा. संतापून मी भिंतीवर यमाची रांग काढली. शेटजी विचारतात, "आमची वेगळी रांग कुठंय?" यम म्हणतो, "हमालाच्या मागं उभे राहा." सगळे हसले, मास्तरांची मुलगीही हसली.

शेटजींचा चेहरा मात्र मी रंगवायला आलेल्या समोरच्या फोटोवरून उचलला होता. त्यांची बायको तसबीर न्यायला आली आणि भिंत पाहून मटकन खाली बसली. तिला पाणी दिलं ते हमालाच्या बायकोनं. तीही नवऱ्याची तसबीर न्यायलाच आली होती.

"तिचा नवरा होता रे तो," मास्तरांची मुलगी एवढंच म्हणाली आणि तिनं पाठ फिरवली.

मी चेहरा पुसला. माफी काही तोंडातून निघेना. ब्रश ठेवला, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं. त्यानंतर तिकडं फिरकलो नाही.

तुझा धाकटा