चिडलेली नागरिक

सोमवार, ४ मार्च

पुन्हा मीच! चिडलेल्या नागरिकाचं काम पुन्हा माझ्याच गळ्यात. साहेब म्हणतात, तुमच्याइतकं झकास कुणाला चिडता येत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर येणारच म्हणा.

आमच्या आरोग्य-शिक्षण विभागाचं हे खास खूळ. राज्याचं नवं धोरण निघालं की आधी डॉक्टर आणि नर्सेसना शिकवायचं, मग गावोगाव सभा घेऊन लोकांना. आणि खऱ्या सभेआधी ऑफिसातच एक खोटी सभा. डॉक्टर टेबलामागे आणि आम्ही समोर खुर्च्यांवर — जनता! या वेळचं धोरण असं: छोट्या दवाखान्यांतले बाळंतपणाचे वॉर्ड बंद करायचे, सगळ्या बायकांनी मोठ्या रुग्णालयात यायचं. तिथे तज्ज्ञ आहेत, रक्त आहे, यंत्रं आहेत. ऐकायला वाईट नाही. खरंच नाही.

पण बंद होणाऱ्यांत माझ्या धाकट्या बहिणीच्या गावचा वॉर्ड आहे. आणि तिला आठवा लागलाय.

बुधवार, ६ मार्च

आज धीर करून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, त्या गावाहून मोठं रुग्णालय डोंगरापलीकडे. अवेळी कळा सुरू झाल्या तर बाईने जायचं कसं? आपण गाडी पाठवू म्हणतो, पण त्या सगळ्या भागात मिळून गाडी एकच! ती कुठल्या अपघाताला गेलेली असली की?

पहिल्या खेपेला धाकटीचं रक्त थांबेना. दवाखाना कोपऱ्यावर होता म्हणून आज ती आहे. हेही सांगितलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, चला, पोचलं एकदाचं.

“वा! हा प्रश्न सरावात घ्याच. बहिणीचं उदाहरण फार परिणामकारक आहे.”

शनिवार, ९ मार्च

सराव झाला. समोर आमचे डॉक्टर — बोलणं इतकं गोड की पाठीमागे आम्ही त्यांना ‘मधाचं बोट’ म्हणतो. मी उभी राहिले आणि गाडीचं विचारलं. अगदी मनातून विचारलं. शेवटी शेवटी रडूच आलं. सगळे टाळ्या पिटायला लागले! टायपिस्टबाई म्हणाल्या, अंगावर काटा आला हो.

मधाचं बोट मात्र गडबडलं. “वाहनव्यवस्थेचं नियोजन... म्हणजे प्रस्ताव विचाराधीन...” साहेब माझ्याकडे वळले. “बाई, तुम्हीच सांगा, काय म्हणावं यांनी?”

आणि मी सांगितलं! भिंतीवर तसबीर वाकडी दिसली की काहींना राहवत नाही, तशी माझी खोड. वाकडं उत्तर ऐकवत नाही. म्हटलं, डॉक्टर, आधी म्हणा, ‘ताई, तुमची भीती खरी आहे.’ मग थांबा. तिच्या डोळ्यांत बघा. आणि मग म्हणा, ‘फोन करा, गाडी दारात येईल.’ बस्स. तुमच्या प्रस्तावाने कुणाचा जीव भांड्यात पडत नाही.

त्यांनी केलं. इतकं सुरेख केलं की क्षणभर मलाच धीर आला!

बसमध्ये बसल्यावर स्वतःचा राग आला. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा.

रविवार, १० मार्च

धाकटीचा फोन. तिला सरावाची सगळी गंमत सांगितली. साहेब कसे, मधाचं बोट कसं, मी कशी रडले. फक्त उत्तर मीच पढवलं, हे सांगायची लाज वाटली. हसून हसून पुरेवाट झाली तिची.

मग म्हटलं, हसू नकोस. शेवटचे दिवस माझ्याकडे येऊन राहा. मोठं रुग्णालय आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. तिची कारणं सुरू — थोरल्याची शाळा, सासूबाईंचे गुडघे, नवऱ्याला साधा चहा करता येत नाही. मी म्हटलं, शिकेल. मग म्हणाली, “खरं सांगू ताई? मलाही भीती वाटते. येते मी.”

सुटले!

मंगळवार, १२ मार्च

आतल्या खोलीत तिच्यासाठी खाट लावली. ह्यांनी न सांगता पंख्याला तेल घातलं. सूर्य पश्चिमेला उगवला आज.

शुक्रवार, १५ मार्च

ती येईल. पण तिच्या गावच्या बाकीच्या बायका? त्यांच्या बहिणी कुठे राहतात रुग्णालयाजवळ?

लोकांनी लेखी हरकती द्याव्यात असं धोरणातच म्हटलंय. मी मात्र लोक नाही. सेवेतल्या माणसाने धोरणाविरुद्ध जाहीर बोलायचं नाही, हा नियम. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आज नर्सेसचा वर्ग होता. एकीने विचारलं, “मॅडम, तुम्हाला स्वतःला पटतंय का हे?” मी म्हटलं, चांगला प्रश्न आहे. आणि पुढच्या मुद्द्यावर गेले! हुबेहूब साहेब. शी!

मंगळवार, १९ मार्च

उद्या धाकटीच्या गावी सभा. मागच्या आठवड्यात शेजारच्या जिल्ह्यात एका गावात लोकांनी गोंधळ घालून सभा उधळली, तिथला वॉर्ड तूर्त राहिलाय. तसं उद्या व्हावं. देवा, कुणीतरी उठू दे!

बुधवार, २० मार्च

कुणी उठलं नाही.

शाळेचा हॉल गच्च भरलेला. मी स्टेजवर टोकाला, पाण्याच्या तांब्यामागे. धाकटी दुसऱ्या रांगेत. मधाचं बोट तासभर बोललं, लोक माना डोलवत होते. मधूनमधून माझ्याकडे बघून हसत होते — मी त्यांच्या ओळखीची, त्यांच्या गावच्या सुनेची बहीण. प्रश्न विचारा म्हटल्यावर एक आजोबा उठले. मोठ्या रुग्णालयात सायकल लावायला जागा आहे का!

मग काय झालं मला माहीत नाही. मी खाली उतरले. आजोबांच्या हातातला माइक घेतला. म्हटलं, गाडी एकच आहे. या सगळ्या भागाला एक. ती दुसरीकडे गेलेली असली आणि इथे एखादीचं रक्त थांबलं नाही, तर ती बाई मरेल. काय करायचं तिने, डॉक्टर? सांगा!

डॉक्टर पांढरेफटक.

मग त्यांनी श्वास घेतला. “ताई, तुमची भीती खरी आहे.” थांबले. माझ्या डोळ्यांत बघितलं. “फोन करा. गाडी दारात येईल.”

काय टाळ्या पडल्या! मी म्हणत होते, अहो हे उत्तर मीच... पण माइक एव्हाना साहेबांच्या हातात. “या आमच्याच विभागाच्या बाई बरं का! तुमच्या मनातला प्रश्न त्यांनी तुमच्या वतीने विचारला.” पुन्हा टाळ्या.

गुरुवार, २१ मार्च

नोटीस येणार म्हणून जेवण गेलं नाही. नोटीस नाही, साहेबच आले टेबलाशी. “कल्पना उत्तम! आता प्रत्येक सभेत तुम्ही खालीच बसायचं.” मी म्हटलं, साहेब, मी ते मनापासून बोलले. “म्हणून तर!” म्हणाले.

हरकतींची मुदत आज संपली. त्या गावाहून एकही आली नाही. सोमवारी वॉर्डला कुलूप.

शुक्रवार, २२ मार्च

धाकटीचा फोन. येत नाही म्हणाली. “परवापर्यंत धाकधूक होती गं. पण तू एवढं टोचून विचारलंस, आणि डॉक्टरांनी किती नीट सांगितलं! आता काही भीती नाही. इथेच राहते. फोन केला की गाडी येईलच.”

मी ओरडले — अगं, ते नाटक नव्हतं! गाडी खरंच एकच आहे!

ती खळखळून हसली. “पुरे ताई, घरी तरी नको ना!”