कुदळीचा नियम

घोडेगाव, १४ जून २०२५

तीर्थरूप उगमताईंना धाकट्या सोहनलालचा नमस्कार, जय जिनेंद्र.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितो. कापडाचं दुकान अरिहंतकडे सोपवल्यापासून माझा पाय घरात ठरत नाही. रोज सकाळी शिनोलीच्या आपल्या शेताच्या तुकड्यावर जातो. शेजारचा कुंडलिक शिकवतो, मी कुदळ मारतो. ताई, ओल्या मातीत अनवाणी उभं राहिलं की मन निवतं. जैन स्थानकात सामायिकाला ध्यान धरून बसलो की तेच मन दहा ठिकाणी धावतं.

पण मंगळवारी कुदळीखाली गांडूळ आलं. दोन तुकडे झाले, दोन्ही वळवळत होते. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. जिथे मला समाधान मिळतं तिथेच माझ्या हातून जीव जातात. अरिहंत म्हणतो, बाबा, विकून मोकळे व्हा. धर्म तुम्ही जाणता. जमीन ठेवू की विकू? तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमचा सोहनलाल


नारायणगाव, २२ जून २०२५

चि. सोहनलाल यास अनेक आशीर्वाद.

साठी उलटली तरी तुझा उतावळेपणा जात नाही. लहानपणी उपास धरायचास आणि दुपारीच विचारायचास, उद्या उजाडलं का. विकू नकोस. चातुर्मासाचा नियम घे. चार महिने मातीला हत्यार लावायचं नाही, फक्त जाऊन बसायचं. तुझं प्रेम मातीवर आहे की कुदळीवर, ते तुलाच कळेल. औषधं वेळेवर घे.

तुझी ताई


घोडेगाव, ३१ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप ताईंना नमस्कार.

नियम पाळतो आहे, पण फार जड जातो. सगळ्यांची भातं लागली, आपल्या रानात गवत कमरेला आलं. कुंडलिक म्हणाला, शेठ, रान नुसतं बघून पिकत न्हाई. परवा संवत्सरीला घरच्यांची क्षमा मागून झाली, मग बांधावर जाऊन त्या गांडुळाला मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. रडू आलं आणि बरंही वाटलं. पण खोटं कशाला सांगू, हात अजून शिवशिवतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर कुदळ धरू का? तुमच्या होकाराची वाट पाहतो.

सोहनलाल


नारायणगाव, ७ सप्टेंबर २०२५

चि. सोहनलाल यास आशीर्वाद.

धरायची की नाही, ते तुझं तू ठरव. मला विचारू नकोस, कारण तो नियम मी शास्त्र बघून दिला नव्हता. साठ वर्षं रोज सामायिक करते आहे, पण माझं मन असं एकदाही निवलं नाही. तू मात्र चिखलात उभा राहून ते मिळवलंस. तुझं पहिलं पत्र वाचून माझ्या पोटात दुखलं. धाकट्या भावाचा हेवा केला आणि त्याला धर्माचं नाव दिलं. मिच्छामि दुक्कडम्.

नातवाला, विपुलला गाडी काढायला सांगितली आहे, गुरुवारी सकाळी शिनोलीला येते. हिरव्या गवतावर पाय पडेल, त्यातही जीव असतो, त्याचं प्रायश्चित्त मी घेईन. बांध चढताना हात दे. वर गेल्यावर मी अनवाणी त्या मातीत उभी राहीन, तेव्हा मात्र थोडा वेळ माझ्याशी बोलू नकोस.

तुझी उगमताई