तुझ्या बॅगेत पोटली नाही

भुपेंद्र,

उठल्यावर पासपोर्ट शोधत बसू नको. तो घेऊन मी मामाकडे चोरखमाऱ्याले जाऊन राहिली. रागावशील, माहीत आहे. चीनची तिकिटं स्वस्तात भेटली, हॉस्टेलातल्या खाटा ठरल्या, सामान सात किलोत बसावं म्हणून तू टूथब्रशची दांडीसुद्धा कापली. पण आधी ऐक.

घरातलं कोणी दूर निघालं की आपली माय त्याच्या बॅगेत तलावाच्या पाळीची माती पोटलीत बांधून टाके. माणूस घरी परत यावा म्हणून. ती गेल्यापासून हे कोणीच केलं नाही.

परवा माझ्या बॅगेत पोटली निघाली. मायच्याच लुगड्याची चिंधी, तिचीच दुहेरी गाठ, अन् माती ओली. मले वाटलं, तू मस्करी करून राहिला. वजन कायले वाढवायचं म्हणून मी माती तुळशीत टाकली, चिंधी धुऊन वाळत घातली. काल सकाळी दोरीवर चिंधी नाही. पोटली परत बॅगेत, तशीच ओली.

मग काल तू बाहेर गेला तेव्हा तुझी बॅग पाह्यली. सगळी उपसून पाह्यली. काही नाही.

तूच म्हणतो ना, तिकडं गेल्या साली पाह्यलेली गल्ली यंदा सापडत नाही? अशा देशात मी तुले पोटलीशिवाय नेणार नाही.

भात झाकून ठेवला आहे, वरण गरम करून घे. अन् तुझी बॅग स्वयंपाकघरात माझ्या बॅगेजवळ आणून ठेव. तू आतून कडी लावून झोपतो. मायले तिथं येता येत नसेल.

रुची