डावीकडची शीर

३ फेब्रुवारी, सोमवार

रिटायर होऊन आठ महिने घरी बसलो आणि केसरच्या प्रत्येक फोडणीत नाक खुपसून तिला वैताग आणला. आजपासून सुटली बिचारी. चाकणच्या चौकाजवळच्या सीटी स्कॅन सेंटरात मला मदतनिसाचं काम लागलं. पेशंटला हाताला धरून आणायचं, टेबलावर निजवायचं, दोन शब्द धीराचे बोलायचे. मशीन चालवते आम्रपाली, आमच्या लेकीच्या, साक्षीच्या वयाची. तासाभरातच म्हणाली, "भिमाजीकाका, पेशंटला निजवताय की अंगाई म्हणताय?" म्हटलं, पोरी, एकतीस वर्षं भोसरीच्या कंपनीत ओतीव लोखंडाचे एक्स-रे बघितले. शिक्षण सातवी, पण आतली चीर, आतला फोड बघून बघून ओळखायला शिकलो. लोखंडाला कधी धीर द्यावा लागला नाही. ती हौस आता फेडून घेतो.

दुपारी देहूरोडचा अरबाज आला, गॅरेजवाला, खोकल्यानं बेजार. त्याचं चित्र बघून आम्रपालीनं मला हाक मारली. डोक्याचं नि हातांचं रक्त काळजाकडे आणणारी मोठी शीर असते उजवीकडे. आईच्या पोटात असताना डावीकडेही एक असते, पण ती जन्माआधीच विरून जाते. हजारात तिघाचौघांची राहते. अरबाजची राहिली होती, करंगळीएवढी जाड. सेंटरचे मालक डॉक्टरसाहेब घरूनच चित्रं बघतात. फोनवर म्हणाले, सुंदर केस आहे, जन्मजात आहे, त्रास काही नाही. अरबाजला सांगितलं तर पोरगा हसला. "म्हणजे अल्लानं डबल लाइन टाकून दिली, चाचा!"

किती प्रकारे माणूस घडतो. घरी येऊन केसरला सगळं सांगितलं. तिच्या पोटातल्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी स्कॅन लिहून दिलाय, तिचा नंबर शनिवारी अकराला आमच्याकडेच लावला. म्हटलं, मीच निजवीन तुला. भिऊ नकोस.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुनावळ्याच्या मंजुळाबाई आल्या, कापडी पिशवीत जुनी फिल्म घेऊन. "मागल्या दिवाळीची हाय बाबा, फेकली न्हाई." सवयीनं मी ती खिडकीच्या उजेडात धरली. डावी बाजू स्वच्छ. आजच्या चित्रात तिथे शीर.

दिवाळीला नव्हती ती जन्मजात कशी? साहेबांना विचारलं. त्यांनी समजावलं की स्कॅनच्या वेळी हाताच्या शिरेतून औषध सोडतात, त्यानं शिरा उजळून दिसतात; तेव्हा ते उजव्या हातातून सोडलं असेल, म्हणून डावीकडची दिसली नसेल. पटण्यासारखं आहे. पण मला दुसरंच काहीतरी खुपतंय. अरबाजच्या शिरेला काळजाच्या वर एक बाक होता, कोपरासारखा. मंजुळाबाईंच्या शिरेला त्याच जागी तोच बाक. एका साच्यातून निघालेले दोन नग मी न चुकता ओळखतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

छातीचे सहा पेशंट. सहाच्या सहा जणांना शीर. तोच बाक. कालच्यापेक्षा जाड.

आम्रपालीनं मशीन दोनदा बंद करून चालू केलं. म्हणाली, काका, मशीनमध्ये काही बिघाड असेल. मीही तेच धरून चाललो होतो, दुपारपर्यंत.

दुपारी अरबाज परत आला. हाताला धरून आईला आणलेलं. परवीनबाई रडत होत्या. डॉक्टरची चिठ्ठी नाही, आजार नाही, तरी हा सकाळपासून ओढतोय, म्हणे सीटी काढ. दंडावर त्याची बोटं रुतून निळं पडलेलं. मी दरडावलं, सोड म्हटलं. अरबाजनं स्वतःच्या डाव्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसं बघितलं. "चाचा, मी नाय धरलंय."

मी आणि वॉचमन, दोघांनी मिळून एकेक बोट उकललं. परवीनबाईंना रिक्षात बसवून दिलं. मागे वळतो तर फाटकाशी मंजुळाबाई. डाव्या हातात शेजारणीचं मनगट.

साहेबांना फोन केला. ते हसले. म्हणाले, सातवी पास माणसानं आता मला शिकवायचं का? मी म्हटलं, साहेब, माझ्या हाताखालून खराब नग एकतीस वर्षांत बाहेर गेला नाही, आताही जाऊ देणार नाही. त्यांनी फोन ठेवला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीत मशीनवर संशय आला की मास्टर पीस लावायचा. मास्टर पीस म्हणजे खात्रीचा, बिनचूक म्हणून जपून ठेवलेला नग. तोही खराब दाखवला तर दोष मशीनचा. इथला खात्रीचा नग मी. गेल्या साली जिन्यावरून पडलो तेव्हा पिंपरीत माझा स्कॅन झालाय, औषध डाव्याच हातातून. डावी बाजू स्वच्छ. आजचं चित्र नि तो जुना कागद साहेबांसमोर आपटायचा, बस.

आम्रपाली नको नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. निजलो. टेबल आत सरकलं. औषधाची ऊब अंगभर पसरली, सगळे सांगतात तशी. मग डाव्या काखेत गार. गार आणि बारीक, जसं कुणी बोट घालून वाट चाचपतंय.

बाहेर आलो तर आम्रपालीचा चेहरा पांढरा. पडद्यावर माझी छाती. शीर. बाक.

सकाळपर्यंत माझ्यात नव्हती. आता आहे. मशीन चुकीचं दाखवत नाही. मशीन घालतंय. तपासण्यासाठी म्हणून मी मास्टर पीसच भट्टीत टाकला.

साहेबांचा निरोप आला. जन्मजात, काळजी नसावी.

जेवताना केसर भाकरी वाढत होती. माझ्या डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. ती लाजली. "अहो, या वयात काय हे!" मी हसलो. उजव्या हातानं सोडवलं, एकेक बोट. तिला कळू दिलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

केसरला म्हटलं उद्या जायचं नाही, पिंपरीला दाखवू. ती म्हणाली, नंबर तुम्हीच लावलात, आणि दुखणं काय पुढच्या आठवड्याची वाट बघतंय? खरंच वाकून चालतेय ती.

सेंटर बंद करा म्हणून साहेबांच्या हातापाया पडलो. नाही म्हणाले. उद्या आठ पेशंट आहेत. सातवं नाव केसर.

डावा हात मफलरनं कमरेला बांधलाय. गाठ सारखी सैल होते.

पण मी भिमाजी आहे. उकळत्या लोखंडाला भ्यालो नाही. कोण कुठली एक शीर, तिच्यासाठी बायको देऊ?

८ फेब्रुवारी, शनिवार

साडेआठ. कंपनीत रीत होती. मशीनच्या आत शिरणाऱ्यानं मेन स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली स्वतःजवळ. तो स्वतः काढेपर्यंत मालकाचा बाप आला तरी कुलूप निघत नाही. माझं लाल कुलूप घरी जपून ठेवलेलं, ते घेऊन आलो. स्विच पाडला, कुलूप घातलं. स्विचच्याच खोलीत बसलोय, आतून कडी लावून. किल्ली एकच.

दहा. साहेब स्वतः आले. दार वाजवतायत. पोलीस बोलावीन म्हणाले. बोलवा. शिव्याही देतात, म्हणजे माणूसच आहेत.

दहा वीस. गाठ सुटली. हात खिशात गेला. मी किल्ली काढून दातांत धरलीय. म्हणून ओरडता येत नाही. म्हणून लिहितोय.

बाहेर अरबाजचा आवाज. मंजुळाबाईंचा. सगळे एका सुरात, उघडा, उघडा—

अकरा. केसर आली. माझ्या मागोमाग एकटीच आली. "अहो, बाहेर या. कळ येतीय हो पोटात." बोलता येत नाही गं. तोंड उघडलं तर—

कागद फाडून दाराखालून सरकवला. आम्रपाली, हिला पिंपरीला ने. आत्ता. हिला कुणाचा डावा हात लागू देऊ नकोस.

आम्रपालीनं वाचलं. म्हणाली, नेते काका. तुम्ही धरून राहा.

राहतो. पोरी, राहतो.

हात हनुवटीवर आलाय. जबड्याच्या फटीत बोट घालतोय. बोट माझंच, नखाखाली कंपनीतला जुना डाग—

चाव. चावलं. रक्त काळं आलं. सोडत नाही. मीही नाही.

केसरचं बोलणं दूर जातंय. रिक्षा नको म्हणतेय, यांना सोडून नाही जायची म्हणतेय. जा गं. आयुष्यात एकदा माझं ऐक—

दुसरं बोट आत—

रिक्षा सुरू झाली. चौकापर्यंत जाऊ दे. तेवढंच. दोन मिनिटं. एका हातानं जमत नाही, पेन ठेवतो, उजव्या हातानं त्याला—