मागच्या सीटचं माप

१२ मार्च, दुकानातून

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत. तुझे गुडघे पुन्हा कुरकुरतायत असं काकूकडून कळलं. तुझी खबर हल्ली तिच्याकडूनच मिळते.

बातमी अशी की तुझ्या शिंपी भावाने नवी गाडी घेतली! लाल, आटोपशीर, आणि दिसायला इतकी झोकदार की शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून बघायला धावला. मी तर कालपासून तीनदा पुसली.

आता गुण-दोष सांगतो. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं, गाडी गल्लीत सहज वळते. दारावरची दुहेरी शिवण बघून मी खूश झालो, नखाने चाचपली, तर प्लास्टिकवर उठवलेली नुसती नक्षी! दोराच नाही. विक्रेत्याला म्हटलं, "अहो, असा टाका मी घातला तर गिऱ्हाईक मलाच उसवेल." मागची काच एवढीशी, त्यामुळे गाडी मागे घेताना जीव मुठीत. डिकीचा काठ उंच. छत मागे उतरतं, बसताना मान वाकवावी लागते. दिसतं तसं नसतं, दुसरं काय.

पण मागे जागा आहे. विक्रेता म्हणाला, "तिघं आरामात बसतात, साहेब." मी गळ्यातली टेप काढली. मापाच्या वहीत तुझं पान अजून आहे: कंबर ते गुडघा साडेबावीस. इथे पाठीपासून पुढच्या सीटपर्यंत सव्वीस. तुझे गुडघे कुठेही टेकणार नाहीत. बायको म्हणाली, "गाडी आपल्यासाठी घेताय की ताईंसाठी?" मी टेप पुन्हा गळ्यात अडकवली.

ताई, चार वर्षांपूर्वी आई अत्यवस्थ असल्याचा फोन आला, तेव्हा तू म्हणालीस, "वाटेत मला घे." मी म्हटलं, "गाडीत जागा नाही." उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्या जुन्या गाडीत जागा होती. मागच्या सीटवर गिऱ्हाइकाचे इस्त्री केलेले दोन सूट होते, वाटेत पोचवायचे होते. चुरगळतील म्हणून मी ते उचलले नाहीत. तू बसने आलीस, तोवर आई गेली होती. हे मी तुला आजवर सांगितलं नाही. मला माफ कर.

रविवारी दहाला गाडी तुझ्या दाराशी उभी करतो. हॉर्न वाजवणार नाही. अकरापर्यंत थांबेन, बाराही वाजू देत. तू आलीस तर दोघं काकूकडे जाऊ, आणि वाटेत तू गाडीला हवी तितकी नावं ठेव. मलाही ठेव.

सगळ्या सीट रिकाम्या ठेवून येणारा,
तुझा धाकटा